ताईच्या लग्नाच्या जुन्या डीव्हीडी कॉम्प्युटरवर कशा घ्यायच्या? (एक डिस्क अडकतेय)

केवडा | शनिवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी, कॉम्प्युटरमधलं मला जेमतेमच कळतं त्यामुळे जरा सविस्तर लिहिते, सांभाळून घ्या. मे २००६ मध्ये माझ्या ताईचं लग्न झालं, चिपळूणला, घरासमोरच मांडव घालून. शूटिंगवाल्याने तेव्हा तीन डीव्हीडी दिल्या होत्या. इतकी वर्षं त्या कपाटात साड्यांखाली पडून होत्या आणि कोकणातली हवा तुम्हाला माहितीच आहे. गेल्या महिन्यात आईकडून पुण्याला घेऊन आले. आमच्याकडे आता डीव्हीडी प्लेयर नाही, लॅपटॉपलाही ड्राइव्ह नाही, म्हणून इथल्याच एका दुकानात दिल्या, त्याने पेनड्राइव्हवर तीन फाइली करून दिल्या आणि एका डिस्कचे २०० रुपये घेतले.

घरी येऊन टीव्हीवर लावलं तर सगळी माणसं आडवी पसरलेली दिसतात, कोणी हात हलवला की कडेला कंगव्याच्या दातांसारख्या रेघा येतात, आणि दुसऱ्या डिस्कची फाइल ४१ मिनिटांवर संपते. दुकानदार म्हणाला डिस्क खराब आहे, पुढचं निघत नाही.

आता खरं कारण सांगते. ४१ व्या मिनिटाला विहीणपंगत सुरू आहे, आणि त्यात सगळ्यांनी आग्रह केल्यावर आमच्या आजीने नाव घेतलंय. आजी २००९ ला गेली. तिचे फोटो पुष्कळ आहेत पण आवाज कुठेच नाही, फक्त त्या डिस्कवर आहे. ते निघू शकेल का? आणि बाकीच्या दोन नीट कशा करायच्या? वेळ लागला तरी चालेल, पण आता दुकानात द्यायची हिंमत होत नाही.

पाटावरवंटा | शनिवार, रात्री ११:०५

अहो एवढं अवघड नाही ते. डिस्क उघडली की व्हिडिओ टीएस नावाचं फोल्डर दिसतं, त्यात व्हीओबी शेपटीच्या (म्हणजे नावाच्या शेवटी .vob असलेल्या) फाइली असतात, त्या कॉपी करायच्या आणि शेपटी बदलून एमपीजी करायची, झालं. व्हीएलसी नावाच्या व्हिडिओ प्लेयरमध्ये बिनबोभाट चालतात. मी माझ्या मुंजीच्या अशाच केल्या.

सह्यभटका | रविवार, सकाळी ८:१५

पाटावरवंटा, ही युक्ती चालते पण अर्धीच. डीव्हीडीवर एक व्हीओबी फाइल १ जीबीच्या वर जात नाही म्हणून एकच सलग फिल्म चार-पाच तुकड्यांत कापलेली असते आणि काप कुठेही पडतो, अगदी वाक्याच्या मध्येसुद्धा. नुसती शेपटी बदलली की दर पंचवीस-तीस मिनिटांनी खटका बसणार आणि आवाज मागेपुढे होण्याचीही शक्यता. तुकडे कुठल्या क्रमाने कसे जोडायचे ते आयएफओ नावाच्या छोट्या फाइलींत लिहिलेलं असतं, आपण नेमक्या त्याच टाकून देतो.

केवडाताई, तुमच्यासाठी पहिली गोष्ट म्हणजे कन्व्हर्ट करायची घाई आत्ता अजिबात करू नका. आधी डिस्कची जशीच्या तशी प्रत काढा. तिला आयएसओ म्हणतात, अख्खी डिस्क एका फाइलीत. ती एकदा हातात आली की कन्व्हर्ट दहा वेळा चुकलं तरी बिघडत नाही, डिस्कला पुन्हा हात लावावा लागत नाही. तुमच्या दुकानदाराने थेट डिस्कवरून कन्व्हर्ट केलं, सॉफ्टवेअर जिथे अडलं तिथे फाइल बंद झाली, आणि त्याने तेच तुम्हाला दिलं. ४१ मिनिटांपुढचं निघत नाही असा त्याचा अर्थ होत नाही.

यूएसबीवर चालणारा बाहेरचा डीव्हीडी ड्राइव्ह लागेल, कोणाकडे पडून असेल तर मागून आणा. दोन वायरींचा असेल तर दोन्ही लावा, वीज कमी पडली की ड्राइव्ह मधेच मान टाकतो आणि आपण डिस्कला दोष देतो.

लावायच्या आधी डिस्क पुसा. मऊ सुती किंवा मायक्रोफायबर फडकं, मधल्या भोकापासून सरळ बाहेरच्या कडेकडे. गोल गोल पुसू नका, गोल ओरखडा डेटाच्या वाटेवरून लांबपर्यंत जातो, उभा ओरखडा वाट नुसती ओलांडतो आणि तेवढी चूक ड्राइव्ह स्वतः भरून काढतो. बुरशीचे डाग असतील तर कोमट पाणी, भांड्याच्या साबणाचा एक थेंब, मग साध्या पाण्याने धुऊन पूर्ण सुकवा. स्पिरिट, टूथपेस्ट, खोबरेल असले प्रयोग कोणी सांगेल, नको.

चांगल्या दोन डिस्कची आयएसओ इमेजबर्नने निघेल, विंडोजवर फुकट आहे. दुसरीचं नंतर बघू, तिला वेगळं औषध आहे.

मुक्काम_एडिसन | रविवार, सकाळी ९:३०

वाचतोय. आमच्याही लग्नाची डीव्हीडी भारतातून आणलेली, इथल्या अमेरिकेतल्या प्लेयरवर कधी लागलीच नाही, बायको म्हणते डिस्क कोरी निघाली. हे तसंच काही असेल का?

सह्यभटका | रविवार, सकाळी १०:००

कोरी नाही, बहुतेक पाल आणि एनटीएससी या दोन टीव्ही पद्धतींचा घोळ आहे. भारतातल्या डिस्क पाल, म्हणजे ७२० बाय ५७६ आणि सेकंदाला २५ चित्रं. अमेरिकेतली एनटीएससी, ७२० बाय ४८० आणि २९.९७ चित्रं. तिकडचे बरेच प्लेयर पाल वाचतच नाहीत. कॉम्प्युटरला काही फरक पडत नाही, व्हीएलसीत टाका, लागेल. घरगुती डिस्कला रीजन कोडही (ठरावीक देशांतच चालण्याचं बंधन) नसतो. फक्त कन्व्हर्ट करताना २५ चं २९.९७ करू नका, चालणारी माणसं दचकत चालल्यासारखी दिसतात.

मुक्काम_एडिसन | रविवार, रात्री ७:५०

दादा लागली!! अठरा वर्षांनी पहिल्यांदा बघितली आम्ही. बाकी काय लिहू.

केवडा | मंगळवार, रात्री ९:१५

ऑफिसमधल्या एकीने तिचा जुना ड्राइव्ह दिला. डिस्क १ आणि ३ ची आयएसओ निघाली, एकेक साधारण ४.३ जीबी, प्रत्येकीला पंधरा-वीस मिनिटं लागली. दुसरी सांगितल्याप्रमाणे धुतली, सुकवली, तरी साधारण ३७ टक्क्यांवर ड्राइव्ह घरघर करायला लागतो आणि एरर येते. एक गोष्ट लिहायची राहिली, डिस्कच्या वरच्या बाजूला ताई-भावजींच्या फोटोचं गोल स्टिकर आहे आणि ते एका कडेने सुटलंय. ते काढून टाकू का?

शटर५० | मंगळवार, रात्री ९:४०

थांबा ताई, स्टिकर ओढू नका!

मी १९९८ ते २०१४ लग्नाची शूटिंग करायचो, आता दुसरा धंदा आहे, पण हे सगळं हाताने केलेलं आहे म्हणून लिहितो. डीव्हीडी म्हणजे दोन पातळ प्लास्टिकच्या चकत्या चिकटवलेल्या असतात, प्रत्येकी ०.६ मिलिमीटर, आणि डेटा त्यांच्या मधे असतो. जोरात स्टिकर ओढलं की चकत्यांवर ताण येतो, कड सुटते, आत हवा गेली की कारभार आटोपला. सुटलेली कड बोटाने हळू दाबून परत बसवा, जिथे बसतच नाही तेवढाच लोंबणारा तुकडा कात्रीने कापा. एका बाजूला स्टिकर सुटलं की वजन बिघडतं आणि वेगात फिरताना डिस्क थरथरते, तुमची घरघर त्याचीही असेल. ड्राइव्हचा वेग कमी करून वाचा, २एक्स किंवा ४एक्स.

आमच्या कोऱ्या डिस्कमधे शाईसारखा रंग असायचा, लेझरने तो जाळून डेटा लिहायचा. दुकानात विकत मिळणारी सिनेमाची डीव्हीडी छापलेली असते, तिच्यात हा रंग नसतो म्हणून ती जास्त टिकते. आपल्या घरच्या डिस्क ऊन, उष्णता, दमट हवा याने हळूहळू फिक्या पडतात. तेव्हा कोणालाच याची कल्पना नव्हती हो, आम्हीच गिऱ्हाइकाला छातीठोकपणे सांगायचो की कॅसेटला बुरशी येते, डीव्हीडी जन्मभर राहील. आज त्याचं फार वाईट वाटतं. मिनी डीव्ही कॅसेटवर शूट व्हायचं, एका तासाला १३ जीबी डेटा, त्यातून एडिट करून दोन तास एका डीव्हीडीवर बसवायचो, आणि पैसे मिळाले की तीच कॅसेट पुढच्या लग्नाला. म्हणजे मूळ शूटिंग कुठेच नाही, तुमच्या हातात आहे तीच सगळ्यात चांगली प्रत.

आणि एक महत्त्वाचं. आम्ही नेहमी दोन सेट द्यायचो, एक मुलीकडे एक मुलाकडे. ताईच्या सासरी विचारलंत का?

केवडा | मंगळवार, रात्री ९:५२

अरे देवा. नाही विचारलं. सुचलंच नाही. सासर साताऱ्याला आहे, उद्या ताईला फोन करते.

जुनाटीव्ही | बुधवार, सकाळी ७:००

तोवर डिस्क २ ला डीडीरेस्क्यू लावा. हे लिनक्सवरचं (विंडोजऐवजी कॉम्प्युटर चालवणारी दुसरी प्रणाली) फुकट साधन आहे, पेनड्राइव्हवर उबुंटू हा लिनक्सचा प्रकार टाकून त्यावरून लॅपटॉप चालू करायचा, विंडोजला धक्का लागत नाही. साधं कॉपी करणारं सॉफ्टवेअर खराब जागा आली की तिथेच डोकं आपटत बसतं. डीडीरेस्क्यू आधी जे सहज मिळतंय ते सगळं उचलतं, वाईट जागा सोडून पुढे जातं, आणि मग मागे येऊन एकेक सेक्टर, म्हणजे डिस्कवरचा २०४८ बाइटचा छोटा कप्पा, पुन्हा पुन्हा मागत राहतं. काय मिळालं काय राहिलं त्याची नोंद मॅप फाइलमधे ठेवतं. ती मॅप फाइल जिवापाड जपा. कारण मधेच बंद करता येतं, ड्राइव्ह बदलता येतो, आणि पुढच्या वेळी फक्त राहिलेले सेक्टर मागितले जातात. एका ड्राइव्हला जे दिसत नाही ते दुसऱ्याला दिसतं, हा माझा स्वतःचा अनुभव आहे, त्यामुळे दोन-तीन वेगवेगळे ड्राइव्ह मिळवा.

सासरची डिस्क मिळाली तर तिच्यासाठीही हीच मॅप फाइल चालेल, दोन्ही एकाच मूळ प्रतीवरून लिहिलेल्या असतील तर सेक्टर न् सेक्टर सारखा असतो. आधी दोन्हींचा आकार बाइटपर्यंत जुळतोय का बघा, आणि आत्ताच्या आयएसओची एक प्रत बाजूला काढून मगच प्रयोग करा.

कमांडचा स्क्रीनशॉट व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

आजोळ | बुधवार, दुपारी १:२०

अवांतर होतंय, माफ करा. विकत घेतलेल्या नाटकांच्या आणि सिनेमांच्या डीव्हीडी पण अशाच करता येतील का? आमच्याकडे पन्नासेक आहेत.

जुनाटीव्ही | बुधवार, दुपारी २:१०

त्यातल्या बऱ्याच डिस्कना सीएसएस नावाचं कुलूप असतं, हँडब्रेक हे कन्व्हर्ट करायचं सॉफ्टवेअर स्वतः ते उघडत नाही. आपल्याकडे १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने कलम ६५अ आलं, हक्कभंगाच्या हेतूने असं कुलूप तोडणं गुन्हा आहे. वैयक्तिक वापराची सवलत कलम ५२ मधे आहे, पण ती कुठपर्यंत ताणायची हा वकिलाचा विषय. ज्या डिस्कना कुलूपच नाही त्या सरळ होतात. हा धागा घरच्या डिस्कपुरता ठेवूया, त्या आपल्याच आहेत आणि त्याच आधी मरतायत. सिनेमा कुठेतरी पुन्हा मिळेल.

केवडा | गुरुवार, रात्री ११:३०

दोन रात्री लॅपटॉप चालू ठेवला. स्टिकर बसवलं, वेग कमी केला. पहिल्या रात्री ३८ एमबी सोडून सगळं आलं. मग भावाच्या जुन्या डेस्कटॉपचा ड्राइव्ह लावला, मॅप फाइल तीच, तर राहिले ६ एमबी.

मग व्हीएलसीत उघडून ४१ व्या मिनिटावर गेले. आजी दिसली. जांभळं लुगडं, पदर खांद्यावरून पुढे घेतलेला, हातात वाटी आहे ती खाली ठेवायचं विसरलीय. आधी नको नको म्हणते, मग माझी आत्या तिला कोपराने ढोसते, मग ती सुरू करते. पहिली ओळ पूर्ण ऐकू आली. दुसऱ्या ओळीला नेमकं जिथे आजोबांचं नाव यायचं तिथे चित्राचे हिरवे-करडे चौकोन झाले आणि आवाज गेला. एकदम सगळ्या बायका हसतानाच ऐकू येतात. नऊ-दहा सेकंद गेलेत.

मी आजीला आजोबांचं नाव घेताना कधीच ऐकलं नाहीये. ती घरात 'अहो' किंवा 'हे' म्हणायची.

ताईने सासूबाईंना विचारलंय. त्यांच्याकडे सेट आहे, पण माळ्यावरच्या कुठल्या खोक्यात ते बघावं लागेल.

शटर५० | शुक्रवार, सकाळी ६:४५

मिळेल ताई. ६ एमबी म्हणजे फार काही राहिलं नाही.

तोवर बाकीच्या दोन नीट करून घ्या. ते आडवे पसरलेले लोक आणि कंगवा, दोन्ही कन्व्हर्ट करणाऱ्याच्या चुका आहेत, डिस्कच्या नाहीत. आमचा कॅमेरा अख्खं चित्र एकदम घ्यायचा नाही, सेकंदाला ५० वेळा अर्धं-अर्धं घ्यायचा, एकदा विषम रेघा एकदा सम. जुन्या डबा टीव्हीवर ते बरोबर दिसायचं. आता दोन अर्धी एकत्र करून दाखवली की मधल्या वेळात हात जेवढा हलला तेवढा कंगवा दिसतो. याला डीइंटरलेस करावं लागतं.

आणि ७२० बाय ५७६ असलं तरी ते चौकोनी ठिपके नाहीत, दाखवताना ते ४:३ म्हणजे ७६८ बाय ५७६ इतकं व्हायला पाहिजे. दुकानवाल्याने टीव्ही भरावा म्हणून १६:९ मधे ओढलं असणार. बाजूला काळ्या पट्ट्या राहू देत, माणसं माणसांसारखी दिसली पाहिजेत.

जुनाटीव्ही | शुक्रवार, सकाळी ९:१०

शटरभाऊंनी दुखणं सांगितलं, मी गोळ्या लिहितो. हँडब्रेक घ्या, फुकट आहे, त्याच्या मूळ साइटवरूनच घ्या, नावाशी साधर्म्य असलेल्या भलत्या साइट फार आहेत. आयएसओ उघडली की टायटल दिसतील, सगळ्यात लांब असेल ती मुख्य फिल्म. मेन्यू येणार नाही, तो आयएसओतच राहील. चित्राच्या मापात ॲनामॉर्फिक ऑटोमॅटिक ठेवा आणि आपोआप कापणारं क्रॉप बंद करा. फिल्टरमधे डीइंटरलेस, बीडब्ल्यूडीआयएफ किंवा यॅडिफ, प्रीसेट बॉब, आणि फ्रेमरेट ५०. बॉबने त्या ५० अर्ध्यांची ५० पूर्ण चित्रं होतात, नाचणारी वरात एकदम खरी वाटते, २५ वर ठेवलं तर निम्मी हालचाल टाकून दिल्यासारखं होतं. इथे बरेच जण २५ च सांगतील, मला ते पटत नाही.

व्हिडिओ एच२६४, क्वालिटी आरएफ १८ ते २०. आकडा कमी तर दर्जा जास्त आणि फाइल मोठी. ठरलेल्या एमबीत बसवायच्या मागे लागू नका, लग्नाच्या शूटिंगमधे चित्रात दाणे फार असतात आणि फाइल दाबली की चेहरे मेणाचे होतात. एच२६५ ने जागा वाचते पण घरातल्या जुन्या टीव्हीवर लागेलच असं नाही. आवाज एएसी १६० किंवा १९२. डिस्कवरचा डॉल्बी आवाज तसाच ठेवला तर काही फोनवर मुका होतो.

आणि मोठं करायच्या फंदात पडू नका. ५७६ रेघांच्या १०८० केल्याने नवीन काही दिसत नाही, ते काम टीव्ही स्वतः करतो.

पाटावरवंटा | शुक्रवार, सकाळी १०:२५

माझी युक्ती मागे घेतो, मुंजीच्या फाइली परत तपासल्या, खरंच दर तुकड्याला खटका आहे. नशीब डिस्क टाकल्या नव्हत्या. आता आयएसओपासून सुरुवात. एक शंका, व्हीसीडी पण आहेत दोन, १९९९ च्या, त्यांचं काय?

जुनाटीव्ही | शुक्रवार, सकाळी ११:००

त्यात एमपीईजीएव्ही फोल्डरमधे डॅट शेपटीची फाइल असेल, ती कॉपी करा. मधेच एरर आली तर आयसोबस्टरसारखं साधन लागेल, व्हीसीडीची लिहिण्याची पद्धत वेगळी असते त्यामुळे साध्या आयएसओत ती नीट मावत नाही. चित्र ३५२ बाय २८८ च आहे, एमपीईजी१. ती फाइल तशीच सांभाळा, व्हीएलसीत लागते. आणि सीडीवर डेटा वरच्या छापील बाजूच्या अगदी खाली असतो, त्यामुळे वरच्या बाजूला नख किंवा बॉलपेनसुद्धा लावू नका.

केवडा | पुढचा रविवार, रात्री ८:३०

मंडळी, धागा वर काढतेय.

ताईच्या सासूबाईंनी शुक्रवारी स्वतः माळ्यावर चढून खोकं शोधलं. त्यांचं वय ७४ आहे, ताई ओरडली त्यांना. डिस्क वर्तमानपत्रात गुंडाळून स्टीलच्या डब्यात ठेवलेल्या होत्या, स्टिकर नाही, नुसतं मार्करने नाव लिहिलेलं. भावजी काल घेऊन आले. आकार जुळला, शेवटच्या आकड्यापर्यंत. जुनी आयएसओ बाजूला ठेवली, मॅप फाइल तीच, डिस्क त्यांची. चार मिनिटांत राहिलेलं शून्य झालं. मला खरंच वाटेना म्हणून दोनदा बघितलं.

आज दुपारी आई, आत्या, ताई, भावजी सगळे जमले. टीव्हीवर लावलं. कंगवा नाही, माणसं पसरट नाहीत, वरातीत मामा नाचतोय तो अगदी समोर नाचल्यासारखा. विहीणपंगत आली तेव्हा कोणी बोलत नव्हतं. आजीने दुसऱ्या ओळीत आजोबांचं नाव घेतलंय, पूर्ण, दत्तात्रय, आणि नाव घेतल्यावर वाटी तोंडासमोर धरलीय. आई म्हणाली परत लाव. मग आत्या म्हणाली परत लाव. असं पाच-सहा वेळा झालं.

तीनही आयएसओ दोन हार्डडिस्कवर ठेवल्यात, एक माझ्याकडे, एक ताईकडे साताऱ्याला जाणार. एमपी४ फाइली सगळ्यांना गूगल ड्राइव्हवरून पाठवल्या. यूट्यूबवर नाही टाकल्या, मागे पूर्णवेळ सिनेमाची गाणी आहेत त्यामुळे कॉपीराइटचा दावा येईल असं भावजी म्हणाले.

सह्यभटका, जुनाटीव्ही, शटर५०, तुमचे आभार कसे मानू कळत नाही. शटरदादा, दोन सेटचं तुम्ही बोलला नसता तर मी त्या चौकोनांवरच थांबले असते.

शटर५० | रविवार, रात्री ८:५५

वाचून भरून आलं ताई. माझ्याकडे जुन्या गिऱ्हाइकांची वही अजून आहे. ज्यांचे नंबर लागतात त्यांना उद्यापासून फोन करून सांगतो की डिस्क बाहेर काढा.

केवडा | रविवार, रात्री ९:०२

नक्की करा. आणि मामाकडे १९९४ च्या मुंजीची व्हीएचएस कॅसेट निघालीय, प्लेयर नाही. वेगळा धागा काढू का?

जुनाटीव्ही | रविवार, रात्री ९:०४

काढा. कॅसेट तोवर कशातच घालून बघू नका, आधी पट्टीवर पांढरी बुरशी आहे का तेवढं खिडकीतून बघा आणि फोटो टाका.